आमच्या वाडीच्या शाळेचा इतिहास नायगावच्या माळ्यावर सापडला

खाडीकाठ:
आमच्या गावकीची खोली, म्हणजे गावच्या गिरणीकामगारांनी मिळून घेतलेली, मुंबईत नायगावात आहे. आहे म्हणजे अजून काही महिने. चाळ पुनर्विकासाला गेली, सामान हलवायचं, म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा करायला आम्ही पाचजण जमलो. मखराच्या काठ्या, दोन पखवाज (एक फुटका), पंगतीची टोपं, कुणाच्या तरी वळकटीला बांधलेली पंचवीसेक वर्षांची सुतळी, आणि सगळ्यात तळाशी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत तीन वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाणी वापरतात तशा लांबट. दोन वर्गणीच्या, एकीवर 'प्रोसिडिंग बुक'.

गाव वाघोटन खाडीच्या काठचं, तालुका देवगड. वह्यांत जिल्हा अर्थात रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. शाळेचं आजचं नाव जि. प. पूर्ण प्राथमिक शाळा, नं. १. नं. २ कधी झालीच नाही, ती गोष्ट वेगळी. आज पटावर सहा मुलं आणि एक बाई. गावाला स्मरणिका काढायची आहे आणि शाळेच्या दप्तरात स्थापनेबद्दल एकच ओळ आहे: 'ग्रामस्थांच्या सहकार्याने इमारत उभी राहिली.' हे सहकार्य आमच्या वहीत चाळीस पानं चाललंय.

थोडक्यात सांगतो. शाळा आधी देवळाच्या सभामंडपात भरायची. मास्तरांचा पगार लोकल बोर्डाचा (तेव्हाची स्थानिक स्वराज्य संस्था), जागा गावाची, आणि जेवण घरोघरी पाळीनं. इमारत हवी असेल तर गावानं बांधून द्यावी, असं बोर्डाचं म्हणणं. गावाकडे काय होतं? भात, तेही दिवाळीनंतर चार महिने पुरेल इतकं. रोख पैसा गिरणीत. म्हणून ठराव मुंबईच्या खोलीत झाला. पगारानंतरच्या रविवारी दर गाळेकऱ्यानं (खोलीत राहणाऱ्यानं) चार आणे द्यायचे, बदलीवाल्यानं (गिरणीत कायम नसून बदलीवर काम मिळणाऱ्यानं) दोन आणे, आजारी असेल त्याला माफ. ज्याची तीन महिने थकली त्याची वळकटी आतून गॅलरीत. हेही ठरावात आहे, सूचक-अनुमोदकासकट.

दामोदर हॉलला शक्ती-तुऱ्याचा सामना (शाहिरांच्या दोन पक्षांची सवाल-जवाबाची जुगलबंदी) लावला होता, त्याचा जमाखर्च दोन पानं. निम्मी तिकिटं परत आली. शाहिरांचा चहा मात्र भरपूर. तो महिना तोट्यात.

कौलं मंगलोरी, गलबतानं खाडीतून आली. चिरे गावच्याच सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळपठारावरचे. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे 'वैशाख संपणेपूर्वी माल उतरविणे' असं लाल शाईत लिहिलंय. आणि माझी सगळ्यात आवडती नोंद: घंटा. भंगारवाल्याकडून रुळाचा हातभर तुकडा घेतला आणि बोटीनं गावी धाडला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. आमच्या वाडीत रूळ त्याच्या कितीतरी आधी पोचला होता.

माझे वडील पुढे बरीच वर्षं गावकीच्या मंडळाचे चिटणीस होते, मधल्या वहीतलं अक्षर ओळखलं. पहिल्या वहीतली काही पानं मोडीत आहेत, तिथे मी अडलो. दोन गोष्टी विचारायच्यात. शाळेचं खरं स्थापना वर्ष कसं ठरवायचं? कारण गावातले तीन म्हातारे तीन सालं सांगतात. आणि स्मरणिकेत काय घ्यावं?

लालबागकर:
वा. आमच्या खोलीवर अशी वही होती, ती कुणीतरी रद्दीत घातली. आजोबा सांगायचे की खोलीत तीन पाळ्यांचे लोक, त्यामुळे अंथरूण कधी थंड पडायचं नाही. आणि तशा माणसानं महिन्याला चार आणे गावच्या पोरांच्या शाळेला काढून ठेवायचे. स्वतः अंगठेबहाद्दर.
एक विचारतो. वर्गणीच्या वह्या १९८२ च्या गिरणी संपापर्यंत येतात का?

खाडीकाठ:
येतात. दुसरी वही तिथेच संपते. संप १८ जानेवारीला सुरू झाला. फेब्रुवारीच्या रकान्यात दोन-चार आकडे आहेत, बाकीच्यांपुढे 'संप' लिहिलंय. मार्चला 'संप' एकदाच, वरच्या नावापुढे, आणि खाली सगळीकडे दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. त्यानंतर रकाने आखलेत पण भरलेले नाहीत. वडिलांना पट्टीनं पानं आखून ठेवायची सवय होती. त्यांनी वर्षभराची आखली होती.

खडूफळा:
मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. स्थापना वर्षाबद्दल थोडं सांगतो, म्हाताऱ्यांवर विसंबू नका. मीही आता त्यांच्यातलाच.

पहिलं, जनरल रजिस्टर, म्हणजे मुलं दाखल केल्याची नोंदवही, काढायला सांगा. त्यातला एक नंबरचा विद्यार्थी बघा. पण लगेच नाचू नका. जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं की मास्तर नवं आखून पुन्हा एकपासून सुरू करत. कसं ओळखायचं? पहिल्या पानावर एकाच दिवशी वीस-पंचवीस नावं, सगळी पहिलीत, आणि वयं सहापासून बारापर्यंत विस्कटलेली असतील तर ती शाळा त्या दिवशी खरोखर उघडली. पहिलंच नाव तिसरीत दाखल, 'पूर्वीची शाळा' हा रकाना भरलेला, असं असेल तर हे दुसरं रजिस्टर आणि शाळा त्याहून जुनी.

जन्मतारखांकडे मात्र बघू नका. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं दिसेल. आई सांगायची 'मोठा पाऊस झाला त्या साली', आणि मास्तर मुलगा सहाचा बसेल अशा बेतानं १ जून टाकायचे. माझाही वाढदिवस १ जूनच आहे. घरात कुणी साजरा करत नाही.

दुसरं, शिक्के. कागदावर लोकल बोर्डाचा शिक्का असेल तर १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर शाळा बोर्डाकडे गेल्या, तो काळ. जिल्हा स्कूल बोर्ड असेल तर १९४७ च्या कायद्यानंतरचा. जिल्हा परिषद म्हणजे १ मे १९६२ पासून पुढे. साल न लिहिलेला कागदही असा बोलतो.

तिसरं, शेरेबुक. साहेब तपासणीला येत तेव्हा शेरा लिहून जात. पट किती, हजर किती, कविता पाठ आहेत की नाहीत, छप्पर गळतं की नाही. शाळेचा खरा इतिहास तिथे असतो. आमच्या एका शाळेच्या शेरेबुकात लागोपाठ चार वर्षं एकच वाक्य होतं: 'मुतारीची व्यवस्था करणे.' पाचव्या वर्षी साहेब बदलले आणि शेरा बंद झाला. मुतारी मी गेलो तेव्हाही नव्हती.

घाटमाथा:
गुरुजी, शेरेबुकाचं वाचून चहा सांडला.
आमच्या सातारा भागात उलट झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९३७ नंतर व्हॉलंटरी शाळा काढल्या, जिथे बोर्डाची शाळा नव्हती अशा खेड्यापाड्यांत, शेकड्यांनी. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं अशा शाळांना अनुदानाची वाट करून दिली होती, आणि खेर स्वतः रत्नागिरीचे. तेव्हा तुमची शाळा आधी व्हॉलंटरी असेल आणि मग बोर्डानं घेतली असेल, असंही होऊ शकतं. वहीत 'व्हॉ. शाळा' असं काही दिसतं का बघा.
पैसा मात्र आमच्याकडे मुंबईचा नाही. मुष्टिफंड. दळायला बसलं की मूठभर धान्य बाजूला. तुमच्याकडे चार आणे, आमच्याकडे मूठ.

मोगरी:
वाचून डोळे भरले, पण एक गोष्ट टोचता म्हणून लिहितंय.
मी त्याच पंचक्रोशीतली, माहेर खाडीच्या पलीकडे. माझ्या आवशीन शाळेच्या बांधकामाक सड्यावरसून डोक्यार चिरे हाडल्यान. ती तेव्हा नवी लग्न होऊन इल्ली. दिवसाक किती खेपा ता सांगी नाय, पण मानेचा दुखणा तिका मरेपर्यंत होता. शाळेच्या भिंतीत जो संगमरवरी दगड आसा त्याच्यार सगळी नावा मुंबईकरांची, रकमेसकट. आवशीचा नाव खय आसा? बाकीच्या बायकांचा? दर शनिवारी शेणान जमीन कोण सारवी?
(सवयीने मालवणीत लिहिलं, कळलं असेल सगळ्यांना.)

खाडीकाठ:
मोगरीताई, कळलं. वहीत शोधलं. 'गावाकडील श्रमदान चालू आहे' एवढीच ओळ, तीन सभांमध्ये तीच. आणि गंमत म्हणजे तो संगमरवर कोरायचा खर्च इमारतीच्या दाराखिडक्यांपेक्षा फार कमी नाही. नावं कोणत्या क्रमानं यावीत यावर एक सभा तहकूब झाली होती.

टपोरा_टाईम:
लोकहो, गहिवर आवरा. सहा मुलं आहेत शाळेत. सहा! एका मुलामागे सरकारचा किती खर्च होतो याचा हिशेब कुणी मांडेल का? दोन किलोमीटरवर चांगली शाळा असेल तर गाडी लावा आणि मुलांना तिथे न्या. चार मित्र तरी मिळतील, कबड्डीचा संघ तरी होईल.
आणि कडू बोलायचं तर गाव रिकामं केलं ते या शाळेनंच. सातवी पास झाला की बोट पकड. मुंबईकरांनी चार-चार आणे जमवून गाव उठवायचं यंत्र बांधलं आणि आता त्याच्याच स्मरणिकेला पुन्हा वर्गणी मागतायत.

लालबागकर:
टपोरा, कबड्डीचं पटलं. बाकी नाही. शाळा नव्हती तेव्हा काय लोक गावात राहत होते? माझे आजोबा अंगठेबहाद्दर, तरी मुंबईतच होते. शाळेमुळे एवढंच झालं की त्यांचा मुलगा बदलीवाला न होता पोस्टात लागला.

खडूफळा:
टपोरा_टाईम, गाडी लावा म्हणणं सोपं आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं जाहीर झालं तेव्हा हेच ऐकलं होतं. २०२३ ला समूह शाळांची कल्पना आली, वीसच्या आतल्यांसाठी, तेव्हाही हेच. शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण कोकणातला किलोमीटर नकाशावर मोजायचा नसतो. मध्ये व्हाळ (ओढा) असतो. जून ते सप्टेंबर त्याला पाणी असतं, साकव (छोटा पूल) असेल तर असेल. पहिलीतलं पोर दप्तर डोक्यावर धरून तो ओलांडणार, आणि गाडी वाडीपर्यंत येतच नाही, ती डांबरी रस्त्यापर्यंत.
तरीही सहा मुलं चार इयत्तांत, त्यांना शिकवणारी एकटी बाई, तीच पोषण आहाराचा तांदूळ मोजणार, तीच ऑनलाईन माहिती भरणार आणि त्यासाठी नेटवर्क शोधत सड्यावर जाणार. हे शिक्षण बरं चाललंय असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अशी शाळा चालवलीय. दुपारनंतर आवाज बसायचा नाही, मन बसायचं. पण बंद करायची तर आधी साकव बांधा.

खाडीकाठ:
टपोरा यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण वहीच त्यांच्या बाजूनं थोडी बोलते. इमारत झाल्यावर चारेक वर्षांतच ठरावांचा विषय बदलतो. 'सातवी झालेल्या मुलांस मुंबईस आणणे व खोलीत जागा देणे', 'कामास लावणेबाबत ओळखी असणाऱ्यांनी पुढे यावे', पुढे 'रात्रशाळेची फी'. शाळेवर खर्च कमी होत जातो, पोरांच्या बोटीच्या तिकिटांवर वाढत जातो. बापांना माहीत होतं ते काय बांधतायत.

वाडीबाहेरचा:
धागा पहिल्यापासून वाचतोय. एकच प्रश्न. शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची असं तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिलंत आणि पुढे गेलात. देवळाबाहेर कोण बसायचं?

खाडीकाठ:
प्रश्न बरोबर आहे आणि मी तो स्वतःला विचारला नव्हता. वही पुन्हा बघून लिहितो.

मोगरी:
आमच्याकडे सांगत ते असं, की बाहेरच्या मुलांची पाटी मास्तर हातात घेत नसत, जमिनीवर ठेवायला लावत आणि लांबून बघत. आईनेच सांगितलेलं. ती सांगताना हसायची नाही.

खाडीकाठ:
दोन रात्री लागल्या. मोडीतलं पान दादरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वाचून दिलं.

पहिल्या वहीत, इमारतीच्या ठरावाच्या खूप आधी, खर्चाच्या बाजूला अशी नोंद आहे: 'देवळाचे पायरीवरील मुलांकरिता झावळांची तट्टी'. तट्टी म्हणजे झावळ्यांचा आडोसा, रक्कम सव्वा रुपया. म्हणजे मुलं पायरीवर बसत होती, पावसात भिजत होती, हे मुंबईत बसून मंडळाला माहीत होतं. त्यावर त्यांना सुचलेला उपाय म्हणजे तट्टी. पुढच्या साली पुन्हा तीच नोंद. झावळं एका पावसात कुजतात.

मग इमारतीचा ठराव. शाळा देवळाबाहेर का न्यायची याची कारणं दिलीत: पूजेस अडचण, मुलांचा गोंगाट, उत्सवात आठ दिवस सुट्टी द्यावी लागणे. पायरीवरच्या मुलांचा उल्लेख नाही. नव्या इमारतीत ती आत बसली की पडवीत, हे वहीवरून कळत नाही.

वाडीबाहेरचा:
आत बसली. माझे आजोबा त्यांतले. सगळ्यात मागे, वेगळ्या गोणपाटावर, पण छपराखाली.
हे गावाच्या मनाचा मोठेपणा म्हणून छापू नका, एवढंच सांगायला लिहितोय. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशानं चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले त्याच्या मागे हाच ठराव होता. बोर्डाचा पैसा खाणाऱ्या शाळेला मुलं बाहेर ठेवता येत नव्हती. देवळाच्या आडोशानं ठेवता येत होती. इमारत झाली आणि आडोसा गेला.

आमची गावकीची खोली वेगळी होती, नायगावातच, तुमच्यापासून फार तर दोन चाळी पलीकडे. तुमची वर्गणी आमच्याकडे मागायला कुणी आलं नाही, आणि आमच्या लोकांनी आपणहून दिलेले पैसे घेतले गेले का, हे तुमच्या वहीत बघायला मला आवडेल. आजोबा चौथीपर्यंतच गेले. बाकीचं मुंबईत रात्रशाळेत. पहिलं पत्र घरी लिहिलं ते वाचायला घरात कुणी नव्हतं, तर पणजी ते घेऊन शाळेत मास्तरांकडे गेली. मास्तरांनी ते हातात घेऊन वाचलं. आजोबा ही गोष्ट दर वेळी 'हातात घेऊन' या शब्दांवर थांबून सांगायचे.

बोले यांचं पूर्ण नाव वर द्यायचं राहिलं. सीताराम केशव बोले. मराठीत सी. के., इंग्रजी वळणानं एस. के. दोन्ही चालतात, पण कुणी टोकायच्या आत मीच सांगतो.

घाटमाथा:
टोकणारच होतो. राहिलं.
फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला (इंग्रज सरकारनं नेमलेला शिक्षण आयोग) हेच बजावलं होतं, की सारा भरतो शेतकरी आणि शाळेचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो. तुमच्या वहीत गावात कोण पायरीवर आणि कोण सभामंडपात, तेच छोट्या मापात दिसतं.

खडूफळा:
वाडीबाहेरचा, तुमच्या आजोबांचं नाव रजिस्टरमध्ये नक्की असणार. ते पान जपा. अनुसूचित जातींच्या जात-दाखल्याच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. दर जूनमध्ये मुंबईहून माणसं शाळेत येत, पणजोबांचा उतारा द्या म्हणून. ज्या रजिस्टरमध्ये जात लिहिल्यामुळे पोरगं मागे बसलं, त्याच रकान्यामुळे त्याच्या पणतवंडाचा प्रवेश होतो. मी उतारे लिहून दिलेत, शेकडो.
खाडीकाठ, शाळा बंद झालीच तर हे दप्तर केंद्रशाळेत जाईल आणि कपाटावर कपाट चढेल. आत्ताच मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घेऊन पानागणिक फोटो काढा. फ्लॅश मारू नका.

टपोरा_टाईम:
मी माझं मत बदललेलं नाही. पण फोटो काढायला माणूस हवा असेल तर मी येतो. कॅमेरा आणि स्टँड माझा.

खाडीकाठ:
टपोरा, धरलं तुम्हाला.

असं ठरतंय. स्मरणिकेत वहीची पानं जशीच्या तशी छापायची, तट्टीच्या नोंदीसकट. मंडळातल्या दोघांचा विरोध आहे, 'आता कशाला उकरायचं' म्हणतात. मी त्यांना म्हटलं, मग घंटेची नोंदही नको आणि चार आण्यांचीही नको. ते अजून फुगलेत. मोगरीताई, चिरे वाहणाऱ्या बायकांची नावं कुणाला आठवतात ती गोळा करायला लागा, गावात ज्या दोघी-तिघी उरल्यात त्यांना विचारून. दगडावर जागा नाही, कागदावर आहे.

येत्या रविवारी चार वाजता नायगावच्या खोलीवर वह्या घेऊन बसतोय. वाडीबाहेरचा, या. तुमच्या लोकांची वर्गणी कुठे जमा झालीय का ते तुमच्यासमोरच बघू. मी अजून ती पानं मुद्दाम चाळलेली नाहीत.

वाडीबाहेरचा:
येतो. दोन चाळींचं तर अंतर आहे.

लालबागकर:
भजी मी आणतो. तो रुळाचा तुकडा अजून आहे का हो?

मोगरी:
आसा, आसा. मे महिन्यात गेल्लंय तेव्हा बघितलंय. आंब्याच्या फांदीक टांगललो, बाईंनी त्याच्यार पोषण आहाराची फडकी वाळत घातलली.